बुद्धाच्या आडोशाला

केशवने धक्क्यावरून होडीत पाय टाकला तशी होडी त्याच्या बाजूला एकदम खाली बसली, आणि माझा हात मला न विचारता पुढे जाऊन त्याच्या दंडाला लागला. एवढंच झालं. असं दर वेळी होतं. नवखा माणूस काठावर पाय देतो, मध्ये द्यायचा असतो हे त्याला सांगून पटत नाही, आणि मी हात देतो. पण या वेळी हात परत घेताना तो मला जड लागला. परवा शुक्रवारी दुपारी याच हाताने, शिसपेन्सिलीने, मी केशवचं नाव लिहिलं होतं. "धरलंस ते बरं केलंस," केशव म्हणाला, "नाहीतर दोन महिने आधीच आमचं विसर्जन होतं." त्याची बायको रेणू धक्क्यावरूनच हसली. मीही हसलो. माझं हसणं अर्धा क्षण उशिरा आलं, हे फक्त माझी बायको वंदना हिने टिपलं असावं. ती अशा गोष्टी टिपते आणि आठवड्याने विचारते.

केशवचं वजन चौऱ्याऐंशी किलो. हे मला ठाऊक आहे, कारण आमच्या सरकारी कारखान्यातल्या प्रत्येकाच्या वार्षिक तपासणीचा कागद माझ्याच कपाटात येतो. मी कार्मिक विभागात. माणूस कधी लागला, कधी सुटणार, कोणाची साखर वाढली, कोणी बढतीसाठी कोणाच्या दारात उभं राहिलं, हे सगळं माझ्याकडे खाकी फायलींत बसलेलं असतं. होडी चालवायलाही हेच लागतं. लोकांना वाटतं शीड महत्त्वाचं. शीड वाऱ्याचं काम आहे. आपलं काम कोणाला कुठे बसवायचं हे. म्हणून मी केशवला वाऱ्याच्या बाजूला बसवलं, रेणूला त्याच्या पुढे, वंदनाला समोर (तिचं वजन ती सांगते त्यात आणि होडी सांगते त्यात चार किलोंचा फरक आहे), आणि केशवच्या आईला, तारामतीकाकूंना, बरोबर मध्ये डोलकाठीला टेकवून. नऊवारीवर केशरी जाकीट बांधताना काकू म्हणाल्या, "हे कशापायी रे लेकरा? मी काय पळून जायलीय का?"

शहाण्णवचा जुलै होता. दिल्लीहून परिपत्रक आलं होतं: प्रत्येक कारखान्याने 'जादा मनुष्यबळ' निश्चित करावं. शब्द सभ्य होता. निवृत्ती स्वेच्छेचीच राहणार होती, फक्त ती इच्छा ज्यांना व्हायला हवी त्यांची यादी आम्ही आधी करायची, आणि सोमवारपासून एकेकाला खोलीत बोलावून समजावायचं. समजावण्याची वाक्यंसुद्धा छापून आली होती. पहिलं वाक्य होतं, 'आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल व्यवस्थापन कृतज्ञ आहे.' ही वाक्यं म्हणणार मी. उद्या सकाळी दहा वाजल्यापासून. आणि माझ्या टेबलापलीकडच्या खुर्चीत, कधीतरी दुपारच्या चहाच्या आसपास, केशव येऊन बसणार होता. एकतीस वर्षांची ओळख, आणि मी म्हणणार, व्यवस्थापन कृतज्ञ आहे. ते होण्याआधी मला त्याला सांगायचं होतं. खोलीत नाही, घरी नाही. घरी वंदना चहा घेऊन येते आणि वाक्य मोडतं. म्हणून ही होडी. वंदनाला वाटत होतं, हौस. तसं मी तिला वाटू दिलं होतं.

धक्का सोडला. शीड एकदा फडफडलं, मग भरलं, आणि होडी कलून चालू लागली तशी काकूंनी दोन्ही हातांनी डोलकाठी धरली आणि डोळे मिटले. मी विशाखापट्टणमच्या कचेरीत तीन वर्षं होतो, ऐंशीच्या आसपास. तिथे बंदरातल्या एका रेड्डींनी मला शीड शिकवलं. दर रविवारी किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, लाल टेकडी, मग कोळ्यांची वस्ती, मग पुन्हा एक टेकडी, आणि किनारा संपायचाच नाही. कंटाळून आपणच परत फिरायचं. हैदराबादला परत बदली झाल्यावर सिकंदराबादकडच्या होड्यांच्या क्लबात नाव घातलं, आणि गेली चौदा वर्षं हुसेनसागर तलावालाच समुद्र समजून त्याचा किनारा मोजतो आहे. इथला किनारा दोन तासांत जिथून निघाला तिथे परत येतो. "यांचा समुद्र," वंदना रेणूला सांगत होती, "पुण्याला माझ्या आईकडे गेलो की हे विचारतात, तुमच्याकडे पाणी कुठे आहे? खडकवासला दाखवलं तर म्हणाले, वारा नाही." पाण्याला आपला नेहमीचा वास होता. पहिली दहा मिनिटं नाकाला पदर, मग विसर. माणूस कशालाही दहा मिनिटांत सरावतो, हे मी फायलींतही पाहिलेलं आहे.

डबे उघडले. वंदनाने सुरळीच्या वड्या आणल्या होत्या, एकसारख्या लांबीच्या, त्यांच्यावरचं खोबरंसुद्धा ओळीत. रेणूने हिमायतनगरच्या कोपऱ्यावरची मिरच्यांची भजी, तेल कागदाच्या बाहेर आलेलं. दोघींनी एकमेकींचं फार कौतुक केलं आणि आपापलंच खाल्लं. तलावाच्या बांधावरचे, टँकबंडावरचे, पुतळे ओळीने आमच्याकडे पाहत होते, त्यांच्यामागून स्कूटरी जात होत्या, आणि सगळ्यांच्या वर मोबाइल फोनची एक नवी पाटी, दोनमजली, जिच्यावरचा माणूस कानाला काळी वीट लावून हसत होता. केशव त्या माणसाकडे बघत मिरची खात होता. त्याच्या मनगटावर दोन घड्याळं होती. एक त्याचं, एक दुरुस्त करून वेळेवर चालतं का ते बघायला घातलेलं. त्याला मी एका घड्याळात क्वचितच पाहिलं आहे. भांडारात सत्तावीस वर्षं बोल्ट मोजणारा माणूस, आणि टेबलाच्या खणात नेहमी कोणाचं तरी घड्याळ उघडं पडलेलं, केसासारख्या स्प्रिंगवर भिंगातून वाकलेला. वरिष्ठांनी दोनदा मेमो दिला. दोन्ही मेमो माझ्या फायलीत आहेत. दुसरा देणाऱ्याने पुढच्याच महिन्यात आपलं घड्याळ केशवकडे टाकलं, हे फायलीत नाही.

मी तोंड उघडलं. "केशव," म्हटलं. "काय?" काही नाही, म्हटलं, जरा मागे सरक. तो सरकला. आज्ञाधारक माणसाला सरकवणं सोपं जातं. त्याला काय सांगणार होतो मी? यादी कशी केली ते? प्रामाणिकपणे केली होती. चार निकष ठरवले आणि कोणाचंही तोंड न बघता लावले: नोकरी किती उरली, मुलं मार्गी लागली का, डोक्यावर छप्पर आहे का, बायको कमावती आहे का. ज्याच्या घरावर कमीत कमी आभाळ कोसळेल तो आधी. केशवची सहा वर्षं उरलेली, मुलगा सारंग बंगळूरला संगणकात, हिमायतनगरचं घर, रेणू शाळेत. चारही खुणा. मी सतरावं नाव लिहिलं आणि वाटलं, मित्र म्हणून गाळलं असतं तर ते पाप. मग सहज, खरंच सहज, पेन्सिल हातात होती म्हणून, आणखी एका माणसाला त्याच निकषांतून नेलं. सहा वर्षं उरलेली. मुलगी तन्वी नोकरीला लागलेली. घर आहे. बायको विम्याच्या कचेरीत. चारही खुणा. अठरावं नाव मी माझं लिहिलं. स्वच्छ अक्षरात, पदनामासकट. त्याच्याकडे किती वेळ पाहत होतो कोण जाणे. तेवढ्यात दाराशी कोणीतरी आल्यासारखं वाटलं, मी झटकन कागदावर फाईल ठेवली, वर पाहिलं तर कोणी नव्हतं. मग फाईल उचलली, खोडरबर घेतलं, आणि अठरावं नाव पुसलं. तिथे लेखा विभागातल्या मुकुंदरावांचं नाव आलं. कागदावर बोट फिरवलं तर अजूनही खालचं अक्षर लागतं. ज्याची यादी त्याचं नाव यादीत नसतं, असा काही नियम परिपत्रकात नव्हता. तो मी केला.

सतरा आणि अठरा. आम्ही पूर्वीपासून असेच. एकोणसत्तर साली आबिड्सच्या पोस्टासमोर केशवने मला जाहिरातीचं कात्रण दाखवलं होतं, दोघांनी तिथल्याच फळीवर अर्ज भरले आणि एकाच पाकिटात घातले, दोन पाकिटं कशाला म्हणून. कोणाही शहाण्या कारकुनाने तसले अर्ज बाजूला टाकले असते. पण बोलावणं आलं तेही एकाच पाकिटात, केशवच्या पत्त्यावर. रुजू व्हायच्या दिवशी रांगेत तो पुढे, मी मागे; म्हणून त्याचा नंबर दोन हजार दोनशे सोळा आणि माझा सतरा. त्याआधीची चार वर्षं मी लातूरकडून शिकायला आलेला, नारायणगुड्याच्या एका खोलीत, आणि दर गुरुवारी, दर रविवारी तारामतीकाकूंच्या पाटावर. काकूंनी मला कधी "अजून घे" असं म्हटलेलं आठवत नाही. त्या विचारायच्या नाहीत, वाढायच्या. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी एक गुरुवार चुकवला तर केशव झाकलेलं ताट घेऊन खोलीवर आला होता, सायकलच्या दांडीवर तोल सांभाळत, वरण सगळं एका बाजूला आलेलं. ही नोंद कोणत्या रकान्यात घालायची? चार निकषांत तिला जागा नव्हती.

"हा तो बुद्ध व्हय," काकू म्हणाल्या. त्यांनी डोळे उघडले होते. तलावाच्या मधोमधची मूर्ती आता जवळ आली होती, आमच्या डोलकाठीहून कितीतरी उंच, पांढरट, एक हात वर केलेला. आणताना तराफ्यावरून निसटून ती पाण्यात गेली होती, माणसंही गेली त्यात. मग पावणेतीन वर्षं देव तळाशी आडवा, आणि वरून आम्ही शर्यती खेळत होतो. काकूंनी हात जोडले. मग म्हणाल्या, "प्रशांत, प्रदक्षिणा घालू."

"काकू, होडी आहे ही, देऊळ नाही," मी म्हटलं.

"मग? पाण्यातल्या देवाला काय पायी घालायची?"

वंदनाने लगेच त्यांची बाजू घेतली, कारण मला अडचण होत होती. मी समजावून सांगितलं की वारा पश्चिमेचा आहे, आपण नेहमी मूर्तीच्या अलीकडून जातो आणि वळतो. पलीकडे गेलो तर मूर्ती वारा अडवते, होडी थांबते. लांबून घालू म्हटलं, तर काकूंना लांबून चालत नव्हतं. "लांबून घातली तं देवाला कसं कळंल कोणासाठी घालायलेत?" उजवी घालायची, जवळून घालायची, आणि मध्ये बोलायचं नाही. केशव म्हणाला, "घाल बाबा. नक्को म्हटलास तर घरी मला बोलणी." चौदा वर्षांत मी कोणालाही मूर्तीच्या मागे नेलं नव्हतं. क्लबातला नवा पोरगासुद्धा ती चूक करत नाही. मी सुकाणू वळवलं. मूर्ती उजव्या हाताला आली. आम्ही तिच्या उत्तरेकडून मागे गेलो, आणि पायऱ्यांपासून वीस हातांवर वारा कोणीतरी कळ फिरवावी तसा बंद झाला.

शीड लोंबलं. होडी सरळ झाली. इतका वेळ कललेली होती हे सरळ झाल्यावर कळलं. पाणी तेलासारखं. टँकबंडावरचा आवाज होता, पण पलीकडच्या खोलीतला असावा तसा. मी माणसं इकडची तिकडे बसवून पाहिली, उपयोग नव्हता. ज्याला वाराच नाही त्याला तोल सांभाळून काय करायचंय. बुद्धाची पाठ आमच्याकडे होती. वाटलं, हीच वेळ. इथून कोणी उठून जाऊ शकत नाही, मीसुद्धा नाही. 'केशव, उद्या तुला माझ्या खोलीत बोलावणं येईल,' हे वाक्य मी शनिवारभर घडवलं होतं. त्यात 'माझ्या' शब्द ठेवावा की काढावा यावरच माझा शनिवार गेला. मी तो आता ठेवायचं ठरवलं, श्वास घेतला, आणि काकूंनी मोठ्याने, देवाला कमी ऐकू येत असावं तशा आवाजात, म्हटलं:

"बुद्धदेवा, पेपरात येतंय, सरकारी कारखाने बंद करायलेत. माझ्या केशवची नोकरी ऱ्हाऊ दे बाप्पा. सहा वर्सं. मग तुला अजून एक घालते."

मी सुकाणूकडे पाहिलं. सुकाणूच्या लाकडात एक लांब चीर आहे, ती मी पहिल्यांदाच नीट पाहिली. माझ्या कपाळावर घाम आला होता आणि तो पुसला तर सगळ्यांना कळेल असं वाटून मी पुसला नाही. ज्या बाईने मला चार वर्षं न विचारता वाढलं, ती माझ्यापासून दोन हातांवर बसून दगडाकडे तेच मागत होती जे परवा दुपारी माझ्या हातात होतं.

"आई," केशव म्हणाला, "ते नक्को मागू."

"का?"

"सोडली मी. शुक्रवारी अर्ज दिला."

रेणू डब्याचं झाकण घट्ट बसवत होती, आधीच बसलेलं. वंदनाने तिच्याकडे पाहिलं. "रेणू, तुला माहीत होतं?"

"अर्ज शाळेतल्या मशीनवर मीच टाइप केला," रेणू म्हणाली. "आईंना सांगायचं कसं, यातच महिना गेला. आज भावजींनी बोलावलं तर म्हटलं, होडीत सांगू. चिडल्या तरी जाणार कुठे."

म्हणजे त्यांनीही हाच हिशोब केला होता. माझ्या पोटातली एक गाठ, जी परवापासून तिथे होती आणि जिला मी अपचन समजत होतो, सुटली. इतकी अचानक, की मला हसू आलं आणि ते आवरायला मी खोकलो. उद्या ती खुर्ची रिकामी राहणार. ते वाक्य मला केशवला म्हणावं लागणार नाही. पहिला आनंद हाच झाला, स्वतःपुरता, लाज वाटावी इतका स्वच्छ. केशव आईला सांगत होता: आबिड्सला दत्तोबाचं घड्याळाचं दुकान आहे, दत्तोबाचे डोळे गेलेत, खिडकीजवळची खुर्ची देतोय. भांडारात आता संगणक आलाय, तो बोल्ट न बघता मोजतो. "सत्तावीस वर्सं चोरून घड्याळं केली आई. आता उजेडात करतो."

काकूंनी विचारलं, "म्हंजी सकाळी सातचा डबा नाही?"

"नाही. अकराला जाणार."

"मग दवाखान्यात न्यायला माणूस घावला म्हण की." त्यांनी जाकिटाचा पट्टा सैल केला, थोडा विचार केला, आणि पुन्हा हात जोडले. "पण मागितलेलं वाया का घालवायचं? देवा, मग ते या प्रशांतला लागू होऊ दे. याची नोकरी टिकू दे."

आणि वारा आला. त्याचं श्रेय मी कोणाला देत नाही. होडी पाण्याच्या ओढीने अंगुळ-अंगुळ दक्षिणेला सरकतच होती, ती मूर्तीच्या सावलीतून बाहेर आली इतकंच. शीड फाडकन भरलं, होडी कलली, रेणू आणि वंदना एकमेकींच्या अंगावर गेल्या आणि पहिल्यांदाच मनापासून हसल्या. आता वाऱ्यावर चढायचं होतं, नागमोडी. केशव न सांगता माझ्याजवळ येऊन बसला, वजन बरोबर जागी. पाणी फळीवर आपटत होतं. त्या आवाजात तो समोर बघत म्हणाला, "कितवं होतं?"

मी विचारलं नाही, काय म्हणून. "सतरावं."

"हौ. वाटलंच." त्याने दुसरं घड्याळ कानाला लावलं. "अर्ज घेऊन मी तुझ्याकडेच आलतो शुक्रवारी. दारातून बघितलं, तू कागदावर फाईल ठेवलास. म्हटलं याला कायकू परेशान करायचं. वर देऊन आलो."

शिडाची आडवी काठी डोक्यावरून जाणार होती. "बाजू बदला," मी ओरडलो, आणि सगळे वाकून पलीकडे गेले, काकूसुद्धा, एकदम, मला कोणालाही ढकलावं न लागता. पलीकडे बसल्यावर मी म्हटलं, "अठरावं माझं होतं. खोडलं मी."

हे मी सांगणार नव्हतो. शनिवारभर घडवलेल्या वाक्यात हे कुठेच नव्हतं. केशवने दुसऱ्या घड्याळाची किल्ली दोनदा फिरवली. मला वाटलं, आता चिडणार. मग तो म्हणाला, "खोडलंस ते ठीक केलास. तुला काय येतं दुसरं? मला घड्याळं तरी येतात." आणि हळूच: "आईला नक्को सांगू. तिची प्रदक्षिणा तुझ्या नावावर गेलीय." त्याच्या आवाजात कुठे दुखलंय का ते मी शोधत राहिलो. चांगला कार्मिक अधिकारी ते शोधतोच. असेलही. वाऱ्यात ऐकू आलं नाही. पण मुकुंदराव होते. सोमवारी ती खुर्ची रिकामी राहणार नव्हती, तिथे दुसरं कोणी बसणार होतं, माझ्या पुसलेल्या अक्षरांवर. हा विचार आला आणि गाठ सुटली होती तिथे एक बारीकसा धागा उरला आहे, हे कळलं. उद्या दहाच्या आत मला दोन कामं करायची होती: मुकुंदरावांचं नाव काढायचं, खोडलेलं पुन्हा लिहायचं. अवघड नव्हतं. कागदावर अक्षर उठलेलं होतंच. पुसल्यावर मी तिकडे बघत नव्हतो इतकंच. आणि काकूंच्या प्रदक्षिणेचं काय करायचं, हे देवाने आणि काकूंनी बघून घ्यावं.

प्रदक्षिणा पूर्ण झाली तेव्हा काकूंनी उरलेली एक सुरळीची वडी पाण्यात सोडली. वंदना म्हणाली, "काकू, माझ्या वड्यांचा नैवेद्य?" काकू म्हणाल्या, "मीठ कमी हाय म्हणून देवाला दिली." सहाच्या सुमाराला धक्का आला. मी शीड उतरवलं, दोर टाकला, आणि एकेकाला नेहमीच्या क्रमाने उतरवलं: आधी काकू, मग बायका, मग केशव, कारण जड माणूस शेवटी उतरवायचा असतो. तो उतरला तशी होडी एकदम हलकी होऊन वर उचलली गेली. मी तेव्हा काठावर पाय दिलेला होता. चौदा वर्षं सगळ्यांना सांगत आलो, पाय मध्ये द्या. आणि माझाच पाय काठावर. होडी खालून सरकली, मी पुढे गेलो, आणि केशवने, दोन्ही घड्याळांसकट, मला दंडाला धरलं.

"वजन किती रे तुझं?" तो म्हणाला. "तुझ्या फायलीत बघायला पाहिजे."

"ब्याऐंशी," मी म्हटलं. त्याने लगेच सोडलं नाही.